उलटे चिकटलेले फोटो

बाईंडर फक्रुद्दीनचाचांनी पुस्तक विमलाच्या हाती दिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण विमला न्हाणीत बाळाला अंघोळ घालत होती आणि दार उघडलं सासूबाईंनी, माईंनी.

घरातले फोटो, बाळाच्या पहिल्या कुंचीचा तुकडा, स्वतः रंगवलेल्या चौकटी... बाळ निजलं की चोरलेल्या वेळात विमलानं हे पुस्तक जमवलं होतं आणि फोटो चिकटवून बांधायला चाचांकडं दिलं होतं. प्रत्येक फोटोमागं त्या दिवसाची आठवण लिहिली होती, अगदी मनातली. एकदा चिकटले की कोण वाचतंय!

बाळाला पंच्यात गुंडाळून ती बाहेर आली, तर माई चष्मा लावून वाचत होत्या. वाचत?

"चाचा, फोटो पालथे चिकटवलेत हो!" दारातच उभ्या चाचांना ती म्हणाली.

"मग? जल्मभर कचेरीची दप्तरं बांधली, वैनी. लिखाणाची बाजू वर, ह्यो न्यम हाय की! एकामागं कायबी न्हवतं, त्यो तेवढा सुलटा लावला. शेवटचं पान ओलं हाय, वाळंस्तवर वजन ठेवा." चाचा निघून गेले.

"'माईंचं तोंड वाकडं, कारण माझी पुरणपोळी फाटली,'" माईंनी खणखणीत वाचलं.

विमलानं बाळाच्या पंच्यात तोंड लपवलं.

"खोटं हाय. दाढ दुखत हुती माझी. पेन्सिल आण."

मग पानापानावर दुरुस्ती सुरू झाली. 'रंकाळ्यावर माई रुसल्या' याखाली माईंनी लिहिलं, 'रुसले नव्हते. भेळ आधी तुला दिली, एवढंच.'

शेवटच्या पानावर मात्र फोटो होता. सोळा वर्षांच्या माई, मागं रंगवलेला पडदा. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि हसू दाबता दाबेना.

"ह्येच्यामागं का न्हाय लिवलंस?"

"मला ठाऊकच नाही ना. दुसरी चप्पल कुठं गेली, माई? आणि हसताय कुणाकडं बघून?"

पेन्सिल थांबली. माईंचे कान लाल झाले. त्यांनी नखानं ओला फोटो अलगद सोडवला, हाताचा आडोसा करून मागं चार ओळी लिहिल्या आणि होता तसा परत चिकटवला.

"माई, नियम! लिखाण वर!"

"त्यो कचेरीचा."

पुस्तकाला हात जोडून माईंनी त्यावर पाट ठेवला आणि वर ऐसपैस बसल्या. "वजन ठेवा म्हणाला न्हवं?"

दिवेलागणीपर्यंत खळ कधीच वाळली होती. माई उठल्या नव्हत्या.