धुडकू नानाचा अंगठा

आमची ही गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. भेटायला आलेली माणसं ओसरीत बसली होती. कोणी डोळे पुसत होतं, कोणी तिचं वय विचारत होतं. तेवढ्यात शेजारचा धुडकू नाना आला. माझ्या पाठीमागची उशी त्यानं ओढली, उसवलेल्या कोपऱ्यात बोट घातलं आणि चिमूटभर कापूस काढला. दोन्ही अंगठ्यांत धरून खेचला, जुळवला, परत खेचला. उजेडाकडे धरून म्हणाला, "तीस."

आणि उठून गेला.

माझं टाळकं सणकलं. माणूस दुःखात आहे आणि हा उशीतला कापूस तपासतो! आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

हा धुडकू नाना कोण, ते सांगतो. आमच्या गावाबाहेर कापसाची जिनिंग आहे, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. तिथं चाळीस वर्षं नाना ग्रेडर होता. शेतकऱ्यांच्या गाड्या लागायच्या, नाना गाडीवर चढायचा, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, सरकीवरचा पुंजका उपटून दोन अंगठ्यांत खेचायचा आणि धाग्याची लांबी मिलिमीटरात सांगायचा. अठ्ठावीस म्हणजे चालेल. एकोणतीस म्हणजे चांगला. तीस म्हणजे लाखात एक. तो बोलला की शेठसुद्धा मधे बोलायचा नाही. पुढं सूतगिरणीचा रिपोर्ट यायचा, त्यात तोच आकडा असायचा.

बरं, कापसापुरतं ठेवावं ना? नाही. हा बठ्ठ्या म्हणजे अख्ख्या जगाला आकडा लावायचा. भाषण ऐकलं की, "लांबी शे, पण कचरा भलता." माझ्या पुतणीला स्थळ बघायला नानाला घेऊन गेलो, तर पोराच्या बापासमोर म्हणाला, "पोरगा अठ्ठावीसना शे, पण साफ शे. दी टाका." दिली टाकून. सुखात आहे ती. मला विचाराल तर मी सत्तावीस. का, तर "तुन्हं तोंड फाटेल शे, आबा." खोटं नाही ते. मी चौथी शिकलेला, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस. आजकाल शेतकरी घरात बसून मोबाईलवरून मोटार चालू करतो, आणि जळली की नवीनच आणतो. माझ्याकडे फक्त शिव्या उरल्यात.

तीस त्यानं कधी कोणाला दिले नाहीत. आमच्या हिच्या वांग्याच्या भरताला गाव नावाजायचं. नानानं दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं, बोटं चाटली, आणि म्हणाला, "एकोणतीस." ही म्हणाली, "नाना, जेवताना तरी आकडे घरी ठेवत जा."

कोणी चिडलं, रडलं, भांडायला उठलं, की त्याचं एकच वाक्य. "माल ओला शे. वाळू द्या, मग पाहू." कापूस ओला असला की लांबी बरोबर कळत नाही म्हणे. एकदा दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते. नानानं दोघांना जिनिंगच्या ओट्यावर उन्हात बसवलं, "वाळा" म्हणाला, आणि स्वतः जेवायला गेला. तासाभरानं ते दोघं विडी मागून पीत होते.

अंगठ्यांची मिजास तर काय सांगू! थंडीत जुन्या मोज्यांची बोटं कापून फक्त अंगठ्यांत घालायचा. भांडं घासायचा नाही, लिंबू पिळायचा नाही. बायको फार पूर्वी गेली, पोरगा सुरतेला. सांजेला तीळतेल घेऊन आमच्या ओट्यावर बसायचा आणि अंगठे चोळायचा, जसे काही बैलच आहेत पोळ्याचे.

अशा अंगठ्याला रेशन दुकानातल्या मशीननं ओळखलं नाही. चाळीस वर्षं धागा खेचून रेषाच राहिल्या नव्हत्या. उजवा लावला, डावा लावला, धुऊन लावला, दुकानदाराच्या सांगण्यावरून डोक्याला घासून लावला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. नाना भडकला. "बठ्ठा तालुका मन्हा अंगठावर कापूस इकस, आणि हाई डबडं माले वळखत नही?" मी मागून म्हणलं, "नाना, माल ओला असेल." तो महिनाभर माझ्याकडे आला नाही. आमची ही डबा घेऊन त्याच्याकडे जायची.

तिचंही सांगतो, कारण पुढं लागणार आहे. तीही जिनिंगमध्येच जायची, कापसातल्या पात्या-काड्या वेचायला. गावात सगळे यमुनाक्का म्हणायचे. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मला बीपीच्या दोन गोळ्या. त्या मी उलटसुलट घेतो म्हणून ती पुड्या बांधायची. सकाळच्या पुडीच्या दोऱ्याला एक गाठ, संध्याकाळच्या दोन गाठी. गाठ तिची स्वतःची होती. दोऱ्याचं टोक आत दुमडलेलं, आणि पदराचा काठ बाहेर राहावा तसा एक फासा बाहेर. एका अंगानं ओढलं की सगळ्या गाठी सुळकन सुटायच्या. दुसऱ्या अंगानं ओढलं की बसा दातानं तोडत. ती वैशाखात गेली. आता गोळ्या पाकिटातून घेतो, आणि उलटसुलटच घेतो.

दसऱ्याच्या आधी जिनिंगमध्ये मशीन आलं. मिक्सरएवढी पेटी. चिमूटभर कापूस ठेवायचा, आत उजेड पडतो, आणि मोबाईलवर लांबी, ओलावा, कचरा सगळं येतं. सोबत शिरपूरकडची एक इंजिनीयर पोरगी आली, स्नेहल मॅडम. गाव म्हणालं, संपला नाना.

पण पोरगी नानाच्या पाया पडली. म्हणाली, "नाना, हे मशीन दुसऱ्या मुलखातल्या कापसावर शिकलंय. आपल्याकडच्या मालात चुकतं. तुम्ही दर साली नमुन्याच्या पुड्या ठेवता ना? त्या द्या. फोटो आणि तुमचा आकडा सोबत भरला की ते तुमच्यासारखं बघायला शिकेल."

शेठ म्हणाला, "काटापूजनाच्या आत पुड्या आणा, नाना. मशीनशेजारी तुमची खुर्ची कायम. नाहीतर मॅडम नमुने बाहेरून मागवतील, मग मी काय करू?"

काटापूजन म्हणजे नवीन कापसाची पहिली गाडी काट्यावर चढते तो दिवस. चाळीस वर्षं पहिल्या गाडीचा आकडा नानानं पुकारला. ती खुर्ची गेली तर नाना सकाळी उठून जाणार कुठं? घरात तो आणि भिंत.

नानानं एक ट्रंक पाठवली. मॅडम म्हणाली, "हे फार जुने, कापूस पिवळा पडलाय. शेवटच्या चार वर्षांचे हवेत." नाना म्हणाला, नहीत. शेठ म्हणाला, आहेत, मी पाहिलेत. नाना घरात जाऊन बसला. गाव म्हणालं, म्हातारा मशीनवर रुसला. काटापूजन चार दिवसांवर आलं, तेव्हा शेठनं मला पाठवलं. "आबा, ऐकलं तर तुमचंच ऐकेल."

गेलो. दारातूनच सुरू केलं. "काय रे, नवरी आहेस का रुसायला? मशीन पाया पडतंय तुझ्या, अन् तुला मिजास!"

"बैस," नाना म्हणाला. "चहा ठेवस."

तो मागं गेला. मी बसलो नाही. फळीवर पत्र्याचा डबा दिसला. मी मोकळा माणूस, उघडला.

आत पुड्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदात, दोऱ्यानं बांधलेल्या. एक गाठ, दोन गाठी, एक गाठ. टोक आत दुमडलेलं. एक फासा बाहेर.

मी खाली बसलो.

नाना चहा घेऊन आला. उकळता चहा, स्टीलचा पेला, आणि यानं तो उघड्या बोटांनी धरलेला. मला दिला तर माझा हात पोळला, पेला पडला. इतकी वर्षं मला वाटायचं हा हौसेनं गरम पेला धरतो. मी त्याच्या बोटांकडे बघितलं, त्यानं डब्याकडे बघितलं.

"साखरनी बोटं खाई टाकी, आबा," तो म्हणाला. "चार वरीस झायात. बोटं मरी गयात मन्ही. धागा हातमा शे का नही, तेबी समजत नही."

"मग आकडे?"

"अक्का खेचे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी नाना ढिगावर चढून नुसता उभा राहिला होता, हातात पुंजका, तोंडातून आकडा येईना. खाली ही कचरा वेचत होती. तिनं ओळखलं. तीस वर्षं तिनंही त्याच कापसात हात घातला होता. तिनं एक पुंजका खेचला आणि गुपचूप बोटं दाखवली. एक म्हणजे अठ्ठावीस, दोन म्हणजे एकोणतीस. नानानं पुकारलं. तेव्हापासून चार हंगाम तो वर नाटक करायचा आणि ती खालून आकडा द्यायची. नमुन्याच्या पुड्याही तीच बांधायची. लिहिता येत नव्हतं म्हणून गाठी.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलोच. "माझी बायको चार वर्षं तुझी बोटं झाली अन् मला पत्ता नाही?"

"अक्कानीच सांगेल व्हतं. आबाले सांगानं नही. त्यासनं तोंड फाटेल शे, गावभर करतीन."

केलंच असतं मी.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मशीन उनं तवय मी देवले नारळ फोडं. म्हणं, सुटलो. अक्का नही, आते पहिल्या गाडीवर मी काय पुकारू? पण पुड्या दिधात तं ती पोर लिखी, धुडकूना हात. खोटं व्हई ते. आणि खरं सांगं तं खुर्ची गयी. चार वरीस फसाडं म्हणतीन."

मी उठलो. रागात होतो, रडतही होतो. नाना म्हणाला, "माल ओला शे, आबा. घर जाय."

चौथ्या दिवशी सकाळी तो डबा काखेत घेऊन माझ्या दारात उभा होता. टोपी धुतलेली. "चाल," म्हणाला. "एकटा जावानं नही व्हत मन्हाकडथून."

जिनिंगमध्ये काट्याला हार घातला होता, पहिली गाडी लागली होती, माणसं जमली होती. नानानं शेठसमोर टेबलावर डबा ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हाई यमुनाक्कानी खेच शे. मन्ही नही. चार वरीस पुकारा मी, पण बोटं तिन्हा."

शेठनं चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, "गिरणीच्या रिपोर्टात चार वर्षं एक आकडा हलला नाही, नाना. मला तेवढं कळतं. बसा."

नाना बसला नाही. मॅडमकडे बघत राहिला. तिच्या मोबाईलवर ग्रेडरच्या नावाचा रकाना होता. तिनं विचारलं, "मग इथं काय लिहू?"

नाना म्हणाला, "यमुना लिख."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं लिहिलं. मग नाना बसला, खुर्चीच्या अगदी कडेला.

मॅडमनं पहिली पुडी घेतली आणि कात्री काढली.

"थांब पोरी," मी म्हणलं. "कात्री नको लावू. मला येतं."

फासा धरला, आमची ही ओढायची त्या अंगानं ओढला. सुळकन सुटली. "एक गाठ," मी म्हणलं. "अठ्ठावीस," नाना म्हणाला. पोरीनं कापूस पेटीत ठेवला, फोटो काढला. दुसरी. "दोन." "एकोणतीस." असं दुपारपर्यंत चाललं. मधेच माझ्या बुडाखाली स्टूल आलं. कोणी सरकवलं ते मी पाहिलंही नाही.

डब्याच्या तळाशी एकच पुडी तीन गाठींची निघाली. मी ती हातात धरून बसलो. एक गोष्ट डोक्यात अडकली होती.

"नाना," मी विचारलं, "बोटं मेलेली होती, तर त्या दिवशी माझ्या उशीतलं काय समजलं तुला?"

"काहीच नही."

"मग तीस कशावरून म्हणालास?"

तो माझ्याकडे न बघता अंगठा चोळत म्हणाला, "उशी कोणी भरेल व्हती?"

मी फासा धरला. ओढवेना. मॅडम मोबाईल धरून थांबली, मग हळूच म्हणाली, "आबा, सोडता ना?"

नानानं हात आडवा केला.

"दम धर, पोरी," तो म्हणाला. "माल ओला शे."