केल्याशिवाय सही नाही

स्पॅनिशमधली स्वतःवर उलटणारी क्रियापदे हा गुरुदत्तरावांच्या मते व्याकरणाचा नव्हे, देखभालीचा विषय होता. तळोज्याच्या कारखान्यात चौतीस वर्षे यंत्रे राखलेल्या डिप्लोमाधारकाला तो चार दिवसांत जमलाच पाहिजे, असे त्यांनी चहा पिता पिता जाहीर केले.

"आणि नापास झालात तर अभ्यासाचं टेबल माझ्या शिलाई मशीनला," वसुंधराबाई म्हणाल्या. वर्षभर त्या मशीनचा मुक्काम पलंगाखाली होता.

"मंजूर."

खारघरला शिकवणी घेणाऱ्या आभाने नियम सोपा करून सांगितला होता: माणूस जे काम स्वतःवरच करतो, त्याच्या क्रियापदाआधी 'मे' लावायचे. मे लेवान्तो, मी स्वतःला उठवतो. मे अफेइतो, मी स्वतःची दाढी करतो. शनिवारच्या तोंडी परीक्षेत आपली सकाळ दहा वाक्यांत सांगायची होती. गुरुदत्तरावांनी कारखान्याच्या शिस्तीने तक्ता आखला: काम, वेळ, सही. प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ लिहून तो फ्रिजवर लावला.

वसुंधराबाईंनी चष्मा लावून तो वाचला. "उठवते मी. गीझर लावते मी. दाढी करतो तो सलूनमधला प्रितेश. कपडे काढून ठेवते मी. यात तुमचं 'स्वतः' कुठं आहे हो?"

गुरुदत्तरावांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. काम न करता सही ठोकणाऱ्या फिटरला त्यांनी कित्येकदा गेटबाहेर काढले होते.

"शनिवारी सगळं मी करीन. तू बोटसुद्धा लावायचं नाहीस."

"अडलात तर?"

"अडणार नाही."

शनिवारी सहाचा गजर त्यांनी झोपेतच बंद केला, तोही स्वतःच. जाग आली तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि वसुंधराबाई उशाशी पेपर वाचत होत्या.

"उठवलं का नाहीस?"

"बोट लावायचं नव्हतं ना."

परीक्षा दहाला होती. गीझरचे बटण शोधताना त्यांनी आधी स्वयंपाकघरातला पंखा लावला, मग देवघरातला दिवा. शेवटी गार पाणी अंगावर ओतून घेतले. सही. नऊ वर्षे न वापरलेल्या रेझरने मिशीची डावी बाजू गेली. समतोल राखण्यासाठी उजवीही घालवावी लागली. सही. कपाटात साड्यांमागे एकच पँट हाती लागली, निवृत्तीच्या समारंभातली. बटण काजापासून चार बोटे दूर राहिले. गुरुदत्तराव डगमगले नाहीत. वायरी बांधायचा केबल टाय हत्यारांच्या पेटीतून काढून त्यांनी तो पट्ट्याच्या जागी ओवला आणि करकचून आवळला. सही.

"अहो, बसता येईल का त्यात?"

"परीक्षा तोंडी आहे."

फ्रिजवरचा तक्ता फाईलमध्ये घालून रिक्षात ते खारघरपर्यंत कलत्या ठेवलेल्या फळीसारखे गेले. आभाने हनुवटीवरचे कापसाचे बोळे पाहिले, मिशीची रिकामी जागा पाहिली आणि खुर्ची पुढे केली. "बसा ना, काका."

"उभाच बरा आहे."

नऊ वाक्ये त्यांनी खणखणीत म्हटली. दहाव्यापुढे तक्त्यावर अजून सही नव्हती: मे सिएन्तो, मी खुर्चीत बसतो.

"म्हणून टाका, काका. नुसतं वाक्य तर आहे."

"केल्याशिवाय म्हणणार नाही."

"मग राहू दे. पास व्हायला सात पुरतात."

"अर्धवट तक्ता मी आजवर जमा केलेला नाही," गुरुदत्तराव म्हणाले आणि बसले.

केबल टाय टिकला. पँट मागून कमरेपासून खालपर्यंत उसवली.

"मे सिएन्तो," ते ताठ मानेने म्हणाले व सही केली. मग क्षणभर विचार करून 'मे विस्तो, मी स्वतःला कपडे घालतो' या ओळीवरची सही त्यांनी खोडली. "चाचणीत काम टिकलं नाही. एक गुण काप."

फाईल पाठीमागे धरून ते घरी परतले. "दहापैकी नऊ. टेबल माझं."

वसुंधराबाईंनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. "तुमचंच. द्या ती पँट, शिवून देते."

"मी स्वतः शिवीन."

"शिवा की. मशीन कुठं ठेवू?"

टेबल आजही गुरुदत्तरावांचेच आहे. फक्त त्या रविवारपासून त्यावर शिलाई मशीन आहे, त्यासमोर बसून ते सुईत दोरा ओवत आहेत, आणि स्पॅनिशचे पुस्तक पलंगाखाली आहे.