दोन इंचांपायी

लग्नाआधी बारीक होणं म्हणजे काय मोठं काम आहे! असं मी पंचवटीतल्या शिंप्याला ऐटीत सांगितलं आणि लग्नाचा ब्लाउज मापापेक्षा दोन इंच घट्ट शिवून घेतला. शिंपी म्हणाला, "ताई, विचार करा." मी म्हटलं, "दादा, तुम्ही शिवा."

माझ्या हिशेबात केळवणं राहून गेली. लग्न ठरलं की प्रत्येक नातेवाईक नवरीला जेवायला बोलावतो आणि असा आग्रह करतो, की जणू सासरी चूलच पेटत नाही.

पहिलं केळवण निफाडच्या विमलाकाकूंकडे. पुरणपोळी, वर तुपाची धार. मी महिना काकडीवर काढलेला, नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. तरी अर्धी पोळी खाऊन ताट सरकवलं.

"भूक नाही, काकू."

काकूंनी माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. "कोणाची आठवण येते का गं?"

"नाही हो!"

"बरं बरं," काकू म्हणाल्या. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "मुलगा कुठला आहे?"

"सटाण्याचा. योगेश. साखरपुड्यात तूच तर त्याला पेढा भरवलास."

"तो नाही गं. दुसरा."

मी कपाळाला हात लावला. तोवर बातमी सटाण्याला पोचलीही होती. संध्याकाळी योगेश आणि त्याची आई आमच्या दारात. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्याची आई म्हणाली, "पोरी, मनात दुसरं कोणी असंल तर आत्ताच सांग. आम्ही राग नाय धरायचो."

बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. योगेश फरशीकडे बघत उभा. हा माणूस मला मनापासून आवडला होता, आणि अर्ध्या पोळीपायी तो हातचा चालला होता.

"दुसरं कोणी नाही, ब्लाउज आहे!" मी ओरडले आणि आतून तो आणून सगळ्यांपुढे धरला.

सासूबाईंनी ब्लाउज ताणून बघितला, मग मला बघितलं. "येवढ्याशा कापडापायी उपाशी राहिली? अगं, आम्ही पसंत केली तेव्हा काय डोळे मिटून बसलो होतो?"

मला रडूच आलं. महिनाभर आरशापुढे मी स्वतःला जे काही बोलत होते, ते शेजारणीला बोलले असते तर तिनं मला दारात उभं केलं नसतं.

"खरं बोलत असशील तर जेव आमच्यासमोर," सासूबाई म्हणाल्या.

आईनं पोळ्या आणि भरली वांगी वाढली. चार पोळ्या मी पुरावा म्हणून खाल्ल्या, पाचवी आवडीनं. योगेशच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते जाताच मी शिंप्याला फोन करून दोन इंच सोडायला सांगितलं.

रात्री मामीचा आईला फोन. विमलाकाकू आता सांगत सुटल्या होत्या, की पोरगी एका बैठकीला पाच पोळ्या खाते, सासरच्यांचं कसं व्हायचं देव जाणे!

"आणि रविवारी आमच्याकडे केळवण आहे, मांडे करतेय," मामी म्हणाली.

मी पुन्हा शिंप्याला फोन लावला. "दादा, दोन नको. तीन सोडा."