साहेब कडीतून जात नाहीत

"अख्ख्या शहरात दोनच डोळे असे आहेत ज्यांच्यापासून काही लपत नाही," भाऊजी म्हणायचे, "आणि ते दोन्ही माझ्याकडे आहेत."

एकतीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचून भाऊजी निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्तहेर म्हणून उठले. "माणूस म्हणजे मीटरच. आत काय फिरतंय ते बाहेरून वाचता आलं पाहिजे," असं त्यांचं शास्त्र. या शास्त्राला एक मदतनीस लागत होता. भाऊजींच्या बायकोनं आपल्या भावाचे, म्हणजे मेहुण्याचे, हात धरले. "त्यांना दुपारभर घराबाहेर ठेव रे बाबा, मी जन्मभर उपकार विसरणार नाही." बहिणीपुढं कोणाचं काय चालतं? मेहुणा मदतनीस झाला. पहिलंच प्रकरण हरवलेल्या छत्रीचं होतं. तीन दिवस तपास चालला आणि त्या तिन्ही दिवशी छत्री भाऊजींच्याच काखेत होती. असो.

शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं दोघांना हाक मारली, तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. एका खुर्चीचं दुकान. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धं कापून ठेवलेलं. कोपऱ्यातल्या फळीवर काचेची टाकी, टाकीत दोऱ्यानं टांगलेली पडद्याची कडी, आणि कडीकडं पाठ करून बसलेला एक लठ्ठ सोनेरी मासा. त्याचं नाव साहेब.

"सहा महिने शिकवलंय," सलूनवाला म्हणाला. "डाव्या हातानं खाणं टाकायचं, तोंडानं हुकूम द्यायचा. साहेब, चला! की गेला कडीतून. मी स्वतः हजारदा पाहिलंय. पण दुसरं कोणी बघायला लागलं, की दगड!"

"गिऱ्हाइकांनी पाहिलं असेल की," मेहुणा म्हणाला.

"माझ्याकडं मान खाली घालून बसावं लागतं, दादा. कोणी मान वर केली की मी हात थांबवतो. कान कापला जायचा उगाच."

खरी अडचण वेगळीच होती. सलूनवाला वीस वर्षं थापा मारत आला होता. अस्वलाची दाढी केली, वादळात एका हातानं छप्पर धरून दुसऱ्या हातानं नवरदेवाचे केस कापले, असल्या. त्यामुळं माशाचं खरं सांगितलं तर गल्ली खो खो हसली. समोरच्या किराणावाल्यानं पैज लावली. रविवारी सकाळी दहाला सगळे येणार. मासा कडीतून गेला नाही, तर सलूनवाल्यानं यापुढं जन्मभर तोंड बंद ठेवून केस कापायचे.

"मला दोनच गोष्टी येतात हो," तो म्हणाला. "हात चालवणं आणि तोंड चालवणं. तोंड गेलं तर मी दिवसभर करू काय?"

मेहुण्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊजींच्या डोळ्यांत मात्र तेज चढलं. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि एकदम मागं उडी मारली.

"तोतया! तुझा खरा मासा त्या मागच्या टाकीत कोंडलाय!"

"भाऊजी, मागं आरसा आहे."

"ते मलाही दिसतंय. पण तो आरशात शिरला कसा, याचा विचार केलास?"

त्यानंतर त्यांना विषप्रयोगाचा संशय आला. माशाच्या खाण्यातले चार दाणे त्यांनी डोळे मिटून चघळून पाहिले. "खारट आहे," शेवटी ते म्हणाले. "विष नाही. पण वर आणखी दोन दाणे असते तर हरकत नव्हती."

मग त्यांची नजर खुर्चीकडं वळली. "हा मनुष्य मघापासून एक अक्षर बोललेला नाही. सलूनमध्ये गप्प बसणारा माणूस निर्दोष असूच शकत नाही! उठा. किराणावाल्यानं किती दिलेत?"

"माझी मान दाबून ठेवलीय हो," खुर्चीतून आवाज आला. गिऱ्हाइकानं मांडीवरचा छोटा आरसा दाखवला. "मला यात टाकी दिसते. तुम्ही यायच्या आधी मासा चारदा कडीतून गेला. कात्री चालते तोवर तो जातो. कात्री थांबली की थांबतो. तुम्ही आल्यापासून ती बंद आहे. आता माझं उरलेलं डोकं कापता का?"

सलूनवाल्यानं कात्री उचलली. कच, कच, कच. साहेब वळले, शेपटी हलवली आणि ऐटीत कडीतून पार झाले. हुकूम कोणी दिलाच नव्हता.

"हेच मी सांगणार होतो," भाऊजी म्हणाले.

सलूनवाला मात्र मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे सहा महिने मी बोलत होतो ते मासासुद्धा ऐकत नव्हता?"

"हाताचं ऐकतो ना," गिऱ्हाईक म्हणालं. "तुमचा हात चांगला आहे."

"मग उद्या नुसती कात्री वाजवा, झालं," मेहुण्यानं सुचवलं.

"रिकामी कात्री? छे छे! भांडणं लागतात. एकदा चुकून वाजली, तर बायको आठ दिवस माहेरी जाऊन बसली होती. डोकं लागेल."

रविवारी दहाला गल्ली लोटली, पण डोकं एकाचंही उपयोगाचं नव्हतं. आदल्या संध्याकाळी एकेकजण गुपचूप येऊन केस कापून गेला होता. न जाणो, याचं बोलणं ऐकायची ही शेवटचीच वेळ असली तर, म्हणून. किराणावाला तर दाढीही करून गेला होता. मेहुणा पुढं झाला, पण त्याचं टक्कल बघून लोक हसले.

तेव्हा भाऊजी उठले. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत जपून नेलेल्या आपल्या बटांवरून त्यांनी एकदा हात फिरवला. "इतक्या केसेस सोडवल्या," ते म्हणाले, "आता हे केस सोडतो," आणि खुर्चीत बसले. मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अभिमान वाटला.

कच, कच. साहेब कडीतून गेले. दुकानात असा गलका उठला की टाकीतलं पाणी हललं. "पुन्हा! पुन्हा!" प्रत्येक वेळी एक बट जायची आणि प्रत्येक वेळी साहेब जायचे. "मला नीट दिसलं नाही," असं किराणावाला पाचदा म्हणाला. सहाव्यांदा म्हणायला भाऊजींच्या डोक्यावर काही उरलं नव्हतं.

"हरलो बाबा," किराणावाल्यानं हात जोडले. "बोल आता. जन्मभर बोल."

सलूनवाल्यानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. वीस वर्षांत पहिल्यांदाच लोकांनी त्याचं खरं मानलं होतं. ओठ नुसते हलत राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सगळे वाट बघत उभे राहिले. कोणालाच निघून जाववेना.

किराणावाला घाबरला. त्यानं पुढं होऊन सलूनवाल्याचे खांदे धरले. "अरे, असं नको करू. बोल की काहीतरी! हवं तर खोटं बोल, पण बोल!"