आप्पांचं नाक

जागा करणं ही माझी कला आहे. तुमचं घर कितीही गच्च भरलेलं असू द्या, मला एक रविवार द्या! रांजणगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथं आम्हाला एक जपानी पद्धत शिकवली. सहा महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि बाहेर काढायची. ते शिकून मी शिरूरला आलो आणि आमच्या दोन खोल्यांकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागलो.

पहिल्याच रविवारी जुना स्टोव्ह गेला, मोडकी खाट गेली. आईची पत्र्याची ट्रंक वाचली, कारण आई तिच्यावर बसून राहिली ती संध्याकाळी उठली. पुढची चिठ्ठी बहुतेक मलाच, असं माझी बायको प्राची म्हणाली. मी तिला समजावलं, की तू रोजच्या वापरातली आहेस. त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आई मात्र गप्प राहून शिकली. आपला सतीश फडताळ उचकतो, माळा उचकतो, पण दाराआडच्या भंगाराच्या पोत्याला हात लावत नाही, हे तिनं हेरलं. भंगारात पुन्हा भंगार कोण शोधणार? तिनं आपली पितळी पानाची डबी गुपचूप त्या पोत्यात ठेवून दिली. मला याचा पत्ताच नव्हता.

घर चकचकीत झालं, मग माझी नजर कॉम्प्युटरवर गेली. हे दोन हजार तीन सालचं सांगतोय. माझा मित्र अमजद यानं सुटे भाग जोडून तो आम्हाला बनवून दिला होता. त्याची डिस्क एवढीशी, आणि जागा संपल्याची सूचना तो रोज देई. प्राची एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवरही तिचंच राज्य. दुपारी करमत नाही म्हणून तिनं आईला चित्र काढायला शिकवलं होतं. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेली आमची आई, ताईबाई, माऊस धरून तासन्‌तास बसायची. ती काय काढते हे मी कधी विचारलं नाही. म्हातारीचा विरंगुळा, म्हणून सोडून दिलं.

आई नाक काढत होती. आमच्या आप्पांचं.

त्याचं असं आहे, की आप्पा दौंडला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते आणि त्यांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा. साहेबानं शिक्का मारला तो बरोबर नाकावर! आप्पा गेल्यावर आम्ही तो फोटो मोठा करायला दिला. फोटोवाल्यानं शिक्का पुसला आणि मोकळ्या जागी आपल्या पसंतीचं नाक बसवलं. सरळ, धारदार, सिनेमातल्या हिरोला शोभेल असं. आप्पांचं खरं नाक भज्यासारखं, टोकाला डावीकडे वळलेलं. इतकी वर्षं आई परक्या माणसाच्या नाकाला हार घालत होती. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि आमच्याही कधी ध्यानात आलं नाही.

तर मी रविवारी सकाळी कॉम्प्युटरला बसलो. पडद्यावर आईच्या चित्रांची रांग होती, पण ती सगळी ताजी, नियमात न बसणारी. ती मी उदार मनानं सोडली. कोपऱ्यात पुसलेल्या फायलींची ती कचऱ्याची टोपली होती. टोपलीत पडलेलं म्हणजे कुणीतरी आधीच टाकलेलं, त्याला कसला नियम? आत न बघता रिकामी केली! वर डिस्कवरचा सगळा माल सरकवून एका ओळीत लावला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सीडीवरची गाणी भरली. सगळं आटोपून मी प्राचीला हाक मारली, की ये, माणसानं जागा कशी करावी ते बघ.

तिच्या मागोमाग आई आली. पुढच्या आठवड्यात आप्पांच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला दौंडची माणसं येणार होती. त्याआधी चित्र छापून फ्रेममध्ये घालायचं, असं सासूसुनेचं ठरलं होतं. प्राची पडद्यावरची चित्रं एकेक उघडू लागली. कुठं नाक बटाट्यासारखं, कुठं तोंडाच्या बाहेरच.

"हे न्हाई," आई म्हणाली. "हे समदे फोटू चुकलेले हायेत. जमलेला म्या टोपलीत ठिवलाय."

"टोपलीत?" प्राचीनं माझ्याकडे पाहिलं.

"व्हय. ह्यो समदं घर उचकतो, पर कचऱ्यात हात घालत न्हाई. म्हनून तिथं ठिवला."

मी माऊस हिसकून टोपली उघडली. आत काहीच नव्हतं.

मी धावत अमजदला घेऊन आलो. तो तासभर खुडबुडत राहिला. नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, म्हणाला, पण तू वर माल सरकवलास आणि गाणीही भरलीस. आता खालचं काही हाती लागायचं नाही. मग त्यानं आईकडे पाहिलं आणि चहा न घेताच निघून गेला. अमजद चहा न घेता जातो म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यांनाच कळेल!

मला फार वाईट वाटलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीवरच्या फोटोखाली जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "येकदाच आलं हुतं रं त्यांचं नाक. म्या बघितलं, आन्‌ वाटलं, आत्ता शिंकतील."

प्राची बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण तिनं खुर्ची ओढली, मला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि आईला म्हणाली, "आई, बघा बरं इकडं."

आईनं पाहिलं. उठून जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड डावीकडे वळवलं, माझ्या भज्यासारख्या नाकाच्या टोकावरून बोट फिरवलं. मग कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. हलू नकोस, एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात कामावरून आलो की मी रोज खुर्चीत. नाकावर माशी बसली तरी हात उचलायची सोय नव्हती. आई एक रेघ काढी, माझ्याकडे बघे, रेघ पुसे, पुन्हा बघे. मोठा झाल्यापासून तिनं मला इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मीही तिला पाहिलं नव्हतं. नाक पुन्हा बिघडलं तर काय, या धास्तीनं मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

चित्र झालं, छापलं, फ्रेममध्ये बसलं. पुण्यानुमोदनाला दौंडहून आप्पांना म्हाळू म्हणणारे त्यांचे रेल्वेतले जोडीदार सावळाराममामा आले. वंदना झाली, आणि मामा फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"नाक आक्षी म्हाळूचं हाय," ते म्हणाले. आईनं डोळ्याला पदर लावला. मामांनी चष्मा पुसला, वाकून पुन्हा बघितलं. "पर वैनी, म्हाळू येवढा भेदरलेला का दिसतोय? गाडी रुळावरनं उतरली तवाबी त्यो असा दिसला न्हवता."

"डोळं सतीशचं हायेत," आई शांतपणे म्हणाली. "म्होरं त्योच बसला हुता."

सगळ्या पाहुण्यांनी फ्रेमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चहाचं बघायला आत गेलो.