अडलेली शेळी आणि पाचव्या धड्याची चोरी

तीक्ष्ण नजर, अफाट धैर्य आणि गुन्हेगाराच्या थेट काळजात शिरणारी बुद्धी या तिन्ही गोष्टी एकाच माणसात सापडणं दुर्मीळ. येरमाळ्यात असा एकच माणूस आहे, आणि नम्रपणा आड येत असला तरी सांगतो, तो मी. मी रणधीर. पोटापाण्यासाठी हायवेलगत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पाटीवर 'खाजगी तपास' हे शब्द 'चार्जिंग पिन बदलून मिळेल' याच्या खाली आहेत, पण तो पेंटरचा दोष. आजवर सात प्रकरणं हाताळली. त्यातलं एकही सुटलं नाही ही गोष्ट वेगळी. हाताळली मात्र सगळी.

गेल्या बुधवारी सृष्टी रडवेली होऊन दुकानात आली. सृष्टी म्हणजे हरणाबाईंची सून. हरणाबाईंचा उभा जन्म शेळ्यांमागं गेला, आणि त्यांना जे ठाऊक आहे ते सगळं सृष्टीनं बारा व्हिडिओंत बसवून शेळीपालनाचा ऑनलाइन कोर्स काढला. धाराशिवची एक प्रशिक्षण संस्था बचत गटांच्या दीडशे बायकांसाठी तो घेणार होती. अट एकच: व्हिडिओ बाहेर कुठं फुकट फिरता कामा नयेत. शुक्रवारी संस्थेच्या मॅडम यायच्या होत्या, आणि बुधवारी पाचवा धडा, 'विताना अडलेली शेळी कशी सोडवावी', येरमाळ्यापासून सास्तूरपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरत होता.

"रणधीरभाऊ, कुलूप तुम्हीच बसवलं व्हतं न्हवं?"

बसवलं होतं, आणि कसलं! डाउनलोडचं बटण गायब. वेबसाइटबाहेर व्हिडिओ चालणार नाही. शिवाय जो बघेल त्याचा मोबाइल नंबर व्हिडिओवर सारखा तरंगत राहणार, म्हणजे चोरी झालीच तर चोर कोण ते लगेच कळावं.

मी तो फिरता व्हिडिओ भिंगातून पाहिला. त्यावर एक नंबर तरंगत होता.

"नंबर दिसतोय की हो!" सृष्टी म्हणाली.

मी दयाबुद्धीनं हसलो. "वहिनी, स्वतःचा नंबर सोडून जाणारा चोर कधी बघितलाय का? आपली दिशाभूल करायला टाकलाय त्यो." आणि फोन खिशात घालून मी तो नंबर तपासातून बाद केला.

त्याहून भयंकर गोष्ट पुढंच होती. व्हिडिओत हरणाबाई शिकवत होत्या आणि त्यांच्या बोलण्यावर दुसऱ्या हरणाबाई बोलत होत्या, "आता नीट बघ गं, हात असा घाल." एकाच वेळी दोन हरणाबाई! कुणीतरी एआयनं दुसरी हरणाबाई तयार केली होती. टोळी परदेशी असणार हे उघड होतं.

गुरुवारी मी एसटीनं सास्तूर गाठलं. व्हिडिओ सगळ्यात आधी तिथल्या बंडप्पाकडं आला होता. सॉफ्टवेअर कुठलं, सर्व्हर कुठला, देश कुठला, असे प्रश्न मी त्याच्यावर झाडले.

"साहेब, माझी शेळी अडली व्हती," तो म्हणाला. "धडा बघून सुनंनं करडू सोडवलं. हे बघा की."

त्यानं करडू माझ्या मांडीवर ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईनं माझी टिपणवही खाल्ली. शेळीनं, म्हणजे. धडा कुणी दाखवला, एवढं सोडून मी बंडप्पाला सगळं विचारलं.

परत येऊन संशयितांची यादी केली. कोर्स घेतलेले सगळेच तीत बसले, कारण सगळ्यांकडं शेळ्या होत्या. मग मी कुलूप असं आवळलं की व्हिडिओ कुणालाच दिसेना. चोरी शंभर टक्के थांबली.

शुक्रवारी सकाळी हरणाबाईंच्या ओसरीवर मी परदेशी टोळीचा सिद्धान्त मांडत होतो. माझी बायको अक्षदा सोबत होती. अर्धा तास ऐकून घेतल्यावर तिनं माझ्या खिशातून फोन काढला, तरंगता नंबर वाचला आणि आपल्या फोनवरून सरळ लावला.

हरणाबाईंच्या कमरेची पिशवी वाजू लागली.

"कोण बोलतंय?" त्यांनी समोरच बसलेल्या अक्षदाला फोनवरून विचारलं.

सृष्टीनं कपाळावर हात मारला. घरच्यांचे नंबर आजकाल तोंडपाठ कुणाला असतात!

"बंडप्पाच्या सुनंचा व्हिडिओ कॉल आल्ता," हरणाबाई म्हणाल्या. "तोंडानं किती सांगू? म्हणून लॅपटॉपवर धडा लावला, मोबाइल त्याच्यापुढं धरला अन् वरून म्या बी सांगत ऱ्हायले. तिनं तिकडं मोबाइलात भरून घेतला असंल."

"आत्या, अवं ही चोरी हाय!" सृष्टी सासूला म्हणाली.

"माझंच बोलणं म्याच चोरलं व्हय? अन् अडल्या शेळीला आपण न्हाय म्हणतो का कधी?"

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराची मेहनत जाणार होती, आणि रागवावं तरी कुणावर? मलाही फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. सृष्टीनं काही न लपवता सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. त्या काही बोलणार, तोच हरणाबाईंचा फोन परत वाजला. लोहाऱ्याकडची कुणीतरी बाई रडत होती. तिची शेळी अडली होती.

हरणाबाईंनी पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. सृष्टीनं एकदा मॅडमकडं पाहिलं आणि स्वतःच लॅपटॉप पुढं ओढून पाचवा धडा दाबला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपणास परवानगी नाही.'

"रणधीरभाऊ, काढा की ते कुलूप!"

मी पासवर्ड टाकला. चुकला. दुसरा टाकला. तोही चुकला. तिसऱ्या वेळी कुलपानं मलाच संशयित ठरवून चोवीस तासांसाठी बाहेर काढलं.

हरणाबाईंनी फोन कानाला लावला आणि तोंडानंच सांगू लागल्या. घाई न करता, एकेक बोट कुठं जावं ते. बऱ्याच वेळानं फोनमधून करडाचं बारीक ओरडणं ऐकू आलं, आणि सृष्टी हसता हसता रडली.

मॅडमनी चष्मा पुसला. "सृष्टीताई, पाचवा धडा सगळ्यांसाठी उघडा ठेवा. बाकीचे अकरा आम्ही घेतो. फक्त एक सांगा, हे कुलूप कुणी बसवलं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. माझ्या कारकिर्दीत आरोपी जागच्या जागी सापडण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याला पळायलाही वाट नव्हती. दारात अक्षदा उभी होती.