उदास स्वरांचा बंदोबस्त

बाळांनो, एका जंगलात एक बुलबुल राहायची. तिची तिन्ही पिल्लं सापाने खाल्ली होती. रोज सकाळी ती त्यांच्यासाठी एक गाणं म्हणायची आणि मगच दाणे टिपायला जायची. त्या गाण्याशिवाय तिला फांदीवरून हलवतच नसे.

ते ऐकून हरणं रडायची आणि सिंहमहाराजांच्या न्याहारीची चव जायची. "या गाण्यात दुःख नेमकं कुठे आहे, शोधून काढा," त्यांनी फर्मावलं.

काम साळिंदरशास्त्रींकडे आलं. शास्त्रीबुवांना गाण्याची एक ओळ धड म्हणता येत नव्हती. म्हणून ते संगीत समितीचे अध्यक्ष होते.

तीन महिन्यांनी अहवाल आला. "महाराज, चार स्वर निर्दोष आहेत. गंधार, धैवत आणि निषाद मात्र जरा खाली, म्हणजे कोमल लागतात. दुःख त्या तिघांत आहे."

तिन्ही कोमल स्वरांवर बंदी आली. शास्त्रीबुवांना शाल मिळाली.

दुसऱ्या दिवशी बुलबुल पुन्हा गायली. हरणं पुन्हा रडली. शास्त्रीबुवांनी धावत जाऊन स्वर मोजले. दर सभेत म्हटल्या जाणाऱ्या सरकारी आनंदगीतातले तेच सात शुद्ध स्वर.

"बाई, ही काय चलाखी?"

"चलाखी कसली, शास्त्रीबुवा? स्वर तुमचेच आहेत. मी फक्त तुमच्या धैवताला माझा सा मानला. तिथून निघाले, तिथेच परतले."

"मग दुःख कोणत्या स्वरात आहे?"

"एकट्या कुठल्याच नाही. सुरुवात कुठून करता, त्यावर आहे सगळं."

शास्त्रीबुवांना यातलं अक्षरही कळलं नाही. पण न कळण्याने अध्यक्षांचं कधी अडत नाही. त्यांनी नवा नियम काढला. यापुढे प्रत्येक गाणं सरकारी सा वरूनच निघेल आणि तिथेच संपेल.

बुलबुल आठवडाभर फांदीवरून हलली नाही. मग जंगल सोडून गेली. महाराज पोटभर जेवू लागले.

पावसाळ्यात महाराजांचा एकुलता एक छावा नदीत वाहून गेला. महाराजांना रडूही फुटेना.

"ते गाणं म्हणा कुणीतरी," ते कसंबसं म्हणाले.

ते कुणालाच येत नव्हतं. शास्त्रीबुवांनी खूण केली आणि सगळ्या जंगलाने आनंदगीत सुरू केलं. एकही स्वर चुकला नाही. आनंदगीत चालू असताना बसायची परवानगी नव्हती. महाराज सगळी कडवी संपेपर्यंत उभे राहिले.

तात्पर्य: जे आपल्याला समजत नाही, त्यावर खुशाल बंदी घालावी. पिल्लं मरतात ती दुसऱ्यांची.